डोंगरवाट, सायकल आणि पायी माणूस

पाऊलवाट कशी तयार होते, हे तुम्हाला सांगायला नको. पहिला माणूस गवतातून जातो. दुसरा त्याच्या मागून जातो. मग गुरे जातात, शेळ्या जातात. गवत मरते, माती दबते आणि वाट पडते. ती कोणी मोजून आखलेली नसते. म्हणून ती कुठे चार हात रुंद असते, तर कुठे एकच माणूस जाईल एवढी असते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे आले आहेत. ते डोंगर फार उंच नाहीत. पण शेताला जायचे, गुरे चारायची, सरपण आणायचे, माळावरच्या देवाला जायचे, म्हणजे चढउताराची वाट आलीच. या वाटेवर आजवर माणसांचे पाय आणि जनावरांचे खूर चालत आले. आता तिच्यावर चाकही आले आहे.

चाक म्हणजे बैलगाडीचे नव्हे. गाडी पाऊलवाटेने जातच नाही. मी सायकलीबद्दल बोलतो आहे. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या. त्या मुली सडक सोडून जवळच्या वाटेने येतात. मुलगे तर कुठूनही सायकल घालतात. शिवाय शहरातली तरुण मंडळी जाड टायरच्या सायकली घेऊन मुद्दाम डोंगरात जातात. त्यांना ना शेताला जायचे असते, ना बाजाराला. ते हौस म्हणून चढतात आणि हौस म्हणून उतरतात. हौसेला माझी ना नाही. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने डोंगर चढावा, त्याच्या अंगाला ते बरेच आहे.

पण वाट तेवढीच आहे, आणि तिच्यावर माणसे वाढली. मग वळणावर सायकल आणि पायी माणूस समोरासमोर येतात. कोणी थांबायचे? कोणी बाजूला व्हायचे? हा प्रश्न लहान दिसतो. पण या प्रश्नापायी हातपाय मोडतात, भांडणे होतात आणि वाटा बंदही पडतात. म्हणून तो नीट समजून घेऊ.

जुने भांडण

सायकल जन्मली तेव्हाच हे भांडण जन्मले. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस नावाच्या माणसाने दोन चाकांचे लाकडी वाहन केले. त्याला पायडल नव्हते. माणूस मधे बसायचा आणि पायांनी जमीन मागे ढकलत पळायचा. घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी रस्ते खराब झालेले होते. त्या चाकोऱ्यांत हे वाहन तोल धरीना. मग बसणाऱ्यांनी ते माणसांच्या पायवाटेवर घातले. लोक घाबरू लागले, धक्के बसू लागले. त्याच वर्षी मानहाइम शहरात पायवाटेवर हे वाहन चालवायला मनाई झाली. पुढे इतर ठिकाणीही मनाई झाली. त्यांत आपले कलकत्ताही होते. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची तक्रार तीच, जी आज आपल्या पांदीत ऐकू येते.

डोंगराची सायकल मात्र अलीकडची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथे टॅमलपाइस नावाचा एक डोंगर आहे. १९७० नंतर तिथली काही पोरे जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावर जाऊ लागली आणि मातीच्या उतारावरून खाली सुटू लागली. त्या सायकलींना पायडल उलटे फिरवून लावायचा ब्रेक होता. तो मागच्या चाकाच्या आसाजवळ असे. उतार संपेपर्यंत ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी या उतारावर त्यांनी शर्यत लावली, आणि शर्यतीचे नावच पडले ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा ग्रीस भरणे. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही त्यांतली नावे. १९७७ साली जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवा सांगाडा बनवला. मग कारखाने निघाले. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरावरची सायकल-शर्यत सामील झाली. वीस वर्षांत पोरांचा खेळ जगाचा खेळ झाला.

पण त्याच डोंगरावर आधीपासून पायी फिरणारे लोक होते. घोड्यावरून जाणारे होते. ते रागावले. भांडण कचेरीपर्यंत गेले. शेवटी तिथे अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या आणि रुंद वाटा मोकळ्या राहिल्या. रुंद वाटांवरही वेगाची मर्यादा आली. तासाला १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर. आणि वळणावर किंवा माणसाजवळून जाताना तासाला फक्त ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर. झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडे जास्त, एवढेच. हे आकडे लक्षात ठेवा. पुढे कामाला येतील.

थोडे गणित

सायकल हलकी, बारीक, धूर नाही, आवाज नाही. मग तिचे एवढे भय का?

आवाज नाही, हेच पहिले कारण. बैलाच्या गळ्यात घुंगरू असते. मोटारसायकल मैलावरून ओरडत येते. सायकल मात्र पाठीशी येईपर्यंत कळत नाही. कान मंद झालेल्या म्हाताऱ्याला तर घंटीही कळत नाही. अचानक कळले की माणूस दचकतो. दचकलेला माणूस कुठल्या बाजूला उडी मारील, हे त्यालाही माहीत नसते. पुष्कळदा तो सायकलीच्याच बाजूला उडी मारतो.

दुसरे कारण वेग. पायी माणूस तासाला चारपाच किलोमीटर चालतो. उतारावर सायकल पायडल न मारताही तासाला वीस किलोमीटर सहज जाते. आता हिशेब करा. तासाला २० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला साडेपाच मीटर. समोर माणूस दिसला, तो डोळ्यांनी पाहिला, मनाला कळले, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जातो. तोवर सायकल साडेपाच मीटर पुढे गेली. मग ब्रेक लागतो. पण खाली मुरूम आहे, सुटे खडे आहेत, वर उतार आहे. चाक घसरत घसरत आणखी तेवढेच जाते. एकूण अकरा मीटर झाले. म्हणजे चोवीस हात. तुमच्या वाटेवरचे वळण आठवा. वळणापलीकडचे चोवीस हात दिसते का? बोरी-बाभळी असतील, तर आठ हातसुद्धा दिसत नाही.

आता तोच वेग निम्मा करा. तासाला १० किलोमीटर. मग सगळे मिळून सुमारे चार मीटर लागतात. नऊ हात. वेग निम्मा केला, पण थांबायची जागा निम्म्याहून कमी झाली. का? कारण ब्रेक लागल्यावर जी घसरण होते, ती वेग निम्मा केला की चौथाई होते. शाळेतल्या मुलांना हे पाठ असते. पण हँडल हाती आले की पाठ विसरते.

तर जेवढे पुढचे दिसते, तेवढ्यात थांबता आले पाहिजे. दिसणे कमी झाले, की वेग कमी. कॅलिफोर्नियात वळणावर ८ किलोमीटरची मर्यादा घातली, तिचे कारणही हेच.

ब्रेक कसा लावावा, तेही सांगतो. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर मागचे चाक उचलते आणि माणूस हँडलावरून पुढे पडतो. नुसता मागचा जोरात दाबला, तर चाक अडकून फरफटते आणि सायकल आडवी होते. दोन्ही ब्रेक हळूहळू, आणि वळणाच्या आधी लावावेत. वळणात शिरल्यावर ब्रेकची आठवण होणे, म्हणजे पेरणी उरकल्यावर बियाणे निवडणे. कित्येक घरी सायकलीचा एकच ब्रेक चालतो, दुसऱ्याची तार तुटलेली असते. अशी सायकल सपाटीवर कशीबशी चालेल. तिला घेऊन डोंगर उतरू नये.

भारा कोणाच्या डोक्यावर आहे?

असे बोलणे तुम्ही वाटेवर कधीतरी ऐकले असेल:

“ए आजे, सरक की बाजूला! घंटी ऐकू येत न्हाई का?”

“ऐकू येते रं लेकरा. कामून वरडतो? सरकू कुठं मी? इकडं बोराटी, तिकडं उतार. अन् डोईवर हा भारा.”

“मग ठेव खाली जराशीक.”

“ठेवते बाप्पा. पण मग उचलून डोईवर कोण चढवून देणार? तू थांबणार हायेस का?”

आजीने एका वाक्यात सगळे सांगितले. डोक्यावर भारा असलेल्या बाईला मान वळवता येत नाही. मागे काय येते, ते तिला दिसत नाही. पायाखालचे तिला धड दिसत नाही, ती पायाच्या सवयीने चालते. एकदा भारा खाली ठेवला, की दुसऱ्याच्या हाताशिवाय तो वर चढत नाही. सायकलवाल्याला काय करायचे असते? एक पाय टेकायचा, सायकल बाजूला धरायची. भारा पुढे गेला की पुन्हा बसायचे. त्याचे अर्धे मिनिट जाते. तिचा जीव जाऊ शकतो.

म्हणून जगात जिथे जिथे डोंगरवाटा वाटून घेतल्या आहेत, तिथे पहिला नियम हाच आहे की सायकलवाल्याने पायी माणसाला वाट द्यावी. इंग्लंडात १९६८ साली तसा कायदाच झाला. तिथे घोड्यांच्या म्हणून ठरलेल्या वाटा आहेत. त्या वाटांवरून सायकल न्यायला त्या कायद्याने मुभा दिली. पण अट घातली, की सायकलवाल्याने पायी माणसाला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यावे. नुसत्या पायवाटांवर मात्र सायकलीला तसा हक्क दिला नाही. स्कॉटलंड शेजारीच आहे. तिथे २००३ च्या कायद्याने पायी माणूस आणि सायकल दोघांनाही डोंगर बराचसा मोकळा केला, पण दुसऱ्याला त्रास न देता वागण्याच्या अटीवर. दोन देश, दोन रीती. पण दोघांनी भार टाकला तो चाकावरच.

काही जण विचारतात, “गुरुजी, दोघांचा हक्क सारखा ना? मग एकानेच का थांबायचे?” हक्क सारखाच आहे. वाट कोणाच्या बापाची नाही. पण हक्क सारखा असला, तरी धोका सारखा नाही. धडक झाली तर म्हातारीचे हाड मोडते, पोराचा गुडघा खरचटतो. ज्याच्या हाती वेग आहे, त्याच्याच हाती ब्रेक आहे. पायी माणसाने काय आवरायचे?

मागून येताना कसे करावे? दूरूनच एकदा घंटी द्यावी. कानाशी येऊन खणखण करू नये. मग तोंडाने बोलावे: “राम राम मावशी, मागून सायकल आहे.” माणसाचा आवाज ऐकला, की माणूस दचकत नाही. मावशीने मागे वळून पाहिले, हात केला, की मग हळू पुढे जावे. तिने पाहिलेच नाही, तर तिला ऐकू आले नाही असे धरून चालावे आणि उतरावे. आपण चारपाच जण असू, तर पहिल्याने सांगावे, “मागून अजून चार येताहेत.” नाहीतर पहिला गेला की बिचारी पुन्हा मधे येते आणि दुसरा तिच्यावर आदळतो.

दोन सायकली समोरासमोर आल्या तर? उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला जाऊ द्यावे. चढणारा एकदा थांबला, की त्याला चढावर पुन्हा सायकल सुरू करता येत नाही. दम तुटतो, चाक मागे येते. पायी माणसांनीही चढणाऱ्या सायकलीला आपणहून वाट द्यायला हरकत नाही. तो नियम नव्हे, पण आपल्याकडे घाम गाळणाऱ्याला लोक वाट देतातच.

पायी माणसाकडेही थोडे काम आहे. चौघे मित्र वाटभर पसरून गप्पा मारत जातात आणि मागच्याने दहादा हाक मारली तरी हलत नाहीत, हे बरे नाही. हल्ली कानात बोंडे घालून गाणी ऐकत चालतात. अशा माणसाला घंटी काय आणि वाघाची डरकाळी काय. डोंगरात तरी एक कान मोकळा ठेवावा. लहान मूल आणि कुत्रे बरोबर असेल, तर दोघांनाही आपल्या बाजूला धरावे. दोघांचाही नेम नसतो.

जनावरांचे निराळे

बैलाला, घोड्याला सायकल म्हणजे काय, ते कळत नाही. मागून आवाज न करता काहीतरी येते, एवढेच त्याला कळते. रानात तसे वाघ येतो. म्हणून ते बुजते. जनावर दिसले की सायकलवरून खाली उतरावे आणि गुराख्याशी बोलावे. तुम्ही बोललात, की जनावराला कळते की हा माणूसच आहे. कळपातून तर सायकल चालवत जाऊच नये. गाय आणि वासरू यांच्यामधून तर मुळीच नाही.

लादलेले जनावर आले तर आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या भागातून कितीतरी लोक केदारनाथला जातात. गौरीकुंडापासून पुढे डोंगराची वाट आहे. तिच्यावर पायी यात्रेकरू आणि खेचरे एकाच वाटेने जातात. खेचर आले, की डोंगराच्या भिंतीला लागून उभे राहावे. दरीच्या बाजूला कधीही नाही. खेचराच्या पाठीवरचे सामान दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असते. त्याचा नुसता धक्का लागला तरी दरीकडचा माणूस जातो. यात्रेला निघणाऱ्या घरच्या म्हाताऱ्यांना एवढे तरी नक्की सांगून ठेवा.

वाटेचे दुखणे

आतापर्यंत माणसांचे झाले. वाटेलाही दुखणे असते, आणि ते पाण्याने येते.

तुम्ही शेतकरी आहात. सरळ उताराने नांगरट केली तर काय होते, हे तुम्हाला माहीत आहे. तासातास पाणी धावते आणि माती ओढ्याला जाते. म्हणून आपण उताराला आडवी नांगरट करतो, समतल बांध घालतो. वाटेचेही तेच आहे. उतारावर सायकलवाल्याने मागचा ब्रेक गच्च दाबला, चाक फरफटले, की मातीत एक चर पडते. बोटभर खोल. दुसरा त्याच चरीतून येतो. मग पाऊस येतो. पाण्याला आयती नाली मिळते. बोटभराची वीतभर होते, पुढच्या साली हातभर. मग त्या वाटेने चालवत नाही. लोक शेजारून चालू लागतात. शेजारी दुसरी वाट पडते, तीही खचते, मग तिसरी. दहा वर्षांनी पाहावे, तर डोंगराच्या अंगावर नुसते ओरखडे दिसतात आणि गवत कुठेच नसते.

दोष सायकलीचाच आहे असे मात्र नाही. खूरही माती सोडवतात, पायही सोडवतात. सरळ धरलेली वाट नुसत्या पायांनीसुद्धा ओढा बनते. सायकलीचे वेगळेपण एवढेच, की तिची चर सलग असते. खुरांचे खड्डे सुटे सुटे असतात, त्यांत पाणी थांबते. सलग चरीतून पाणी पळते.

उपाय आपल्याच बांधबंदिस्तीतले आहेत. वाट सरळ उतरू देऊ नये, डोंगराला आडवी, वळसे घेत न्यावी. वाटेचा दरीकडचा काठ बोटभर खाली ठेवावा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता बाजूला पसरून उतरते. जिथे चढ जास्त आहे, तिथे थोड्या थोड्या अंतरावर दगडांची तिरपी ओळ पुरावी. पाणी त्या ओळीला अडून बाहेर पडते. आणि पावसाळ्यात वाट भिजलेली असताना सायकल घालूच नये. याची खूण सोपी आहे. मागे वळून पाहावे. चाकाचा माग मातीत रुतलेला दिसला, की उतरावे. आपल्या काळ्या मातीत तर हे सांगावेच लागत नाही. मडगार्डात चिखल गच्च बसतो आणि सायकल आपणच थांबते. मग पोरगे सायकल खांद्यावर घेऊन येते.

माथेरानची गोष्ट

एकाच डोंगरवाटेवर अनेकांचे पोट असले म्हणजे काय होते, हे माथेरानला दिसते. म्हणून तिथली हकीकत सांगतो.

माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढला आणि साहेबलोकांचे थंड हवेचे ठिकाण झाले. १९०७ साली नेरळहून लहान आगगाडी सुरू झाली. ती आदमजी पीरभॉय या घराण्याने बांधली. या गावाचे वैशिष्ट्य असे, की तिथे मोटारी जात नाहीत. दस्तुरी नाक्यावर मोटार ठेवायची आणि पुढे बाजारापर्यंत दोनअडीच किलोमीटर पायी जायचे. नाहीतर घोड्यावर बसायचे. माणसांनी ओढायच्या रिक्षाही होत्या. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका असते, तेवढीच. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा भाग पर्यावरणाच्या दृष्टीने जपायचा म्हणून जाहीर केला.

तर एकाच तांबड्या मातीच्या वाटेवर पायी माणूस, घोडा आणि हातरिक्षा. पाऊस तिथे धो धो पडतो. खुरांनी आणि चाकांनी सुटलेली माती वाहून जाते. मग वाटेवर मातीचे भाजलेले ठोकळे बसवायचे ठरले. पायी माणसाला बरे वाटले. घोडेवाले म्हणाले, आमचे घोडे यावरून घसरतात. शाळेची मुले, म्हातारी माणसे यांना रोज चालणे जड जाते, म्हणून विजेवर चालणारी रिक्षा आणायचे निघाले. हातरिक्षा ओढणारे म्हणाले, आम्हाला हवी, आमच्या छातीचे हाल थांबतील. घोडेवाले म्हणाले, मग आमच्या घोड्यावर कोण बसेल? जो तो आपल्या जागी खरा होता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये विजेच्या सात रिक्षा अजमावणीसाठी सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. गवई हे आपल्या अमरावतीचे. माणसाने माणसाला ओढायचे, हे माणुसकीला शोभत नाही, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा मिळतील अशी योजना करा, असा आदेश झाला. ठोकळ्यांबद्दलही ठरले. दस्तुरीपासून बाजाराकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर ते चालतील, पण आतल्या रानवाटांवर नकोत. म्हणजे चाकाला एक वाट दिली आणि खुरांना, पायांना बाकीच्या वाटा मातीच्या ठेवल्या.

मला यातले शेवटचे ठरवणे सर्वांत पटते. सगळ्यांना एकाच वाटेवर कोंबून मग नियम शिकवण्यापेक्षा, जिथे जागा आहे तिथे वाटा निराळ्या कराव्यात. पुण्याजवळ सिंहगडावर हे आपोआप झाले आहे. पायी चढणारे आतकरवाडीहून जुन्या वाटेने चढतात. गाड्या घाटाच्या डांबरी रस्त्याने जातात, आणि सायकलवालेही दम काढत त्याच रस्त्याने चढतात. पायवाटेवर पाय, डांबरावर चाक. रविवारी गडावर एवढी गर्दी असते, पण निदान वाटेवर दोघांची गाठ पडत नाही.

आपल्या गावात काय करता येईल?

आधी आपल्या वाटा कोणत्या, ते पाहावे. गावचा नकाशा तलाठ्याकडे असतो, तो मागून पाहावा. त्यात पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी. आता तुम्हाला अक्षरे येतात. नकाशावरची नावे तुम्हीच वाचू शकाल. कोणी वाट अडवली, कुंपण घातले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. हे सांगायचे कारण असे, की पुष्कळदा सायकलीचा आणि पायी माणसाचा तंटा खरा नसतोच. कोणीतरी दोन्ही बाजूंनी बांध पुढे सरकवून वाट निम्मी केलेली असते, आणि उरलेल्या निम्म्यात हे दोघे भांडतात.

रान वनखात्याचे असेल, तर तिथे सायकल नेण्याआधी वनरक्षकाला विचारावे. मोटारसायकल मात्र डोंगराच्या पाऊलवाटेवर कुठेच नको. तिच्यामुळे सायकलवालेही विनाकारण बदनाम होतात.

मग ग्रामसभेत विषय काढावा. शाळेत जाणाऱ्या मुलींना कोणती वाट सोयीची आहे, त्यांनाच विचारावे. वैरण आणणाऱ्या बायांना विचारावे, की कुठे जीव मुठीत धरून चालावे लागते. त्या दोन जागा तरी नक्की सांगतील. एखादे आंधळे वळण असेल, तर तिथली बोराटी दरसाल पावसाळ्यानंतर छाटावी, म्हणजे पलीकडचे दिसते. वळणाजवळ चार हात जागा रुंद करावी, म्हणजे भाऱ्यासकट थांबता येते. आणि जिथे वाट फार अरुंद किंवा फार उभी आहे, तिथे सायकल हाती धरून नेण्याचे ठरवावे. त्याची पाटी लावावी. चार शब्द पुरेत: ‘सायकलवरून उतरून चालत जा.’ अक्षरे वीतभर उंच असावीत. पाटी उताराच्या माथ्यावर लावावी, पायथ्याशी नव्हे. पायथ्याची पाटी वाचायला मिळते, तोवर सायकल खाली आलेली असते.